दगडापर्यंतचा शब्द

माझ्या बहिणीचं, रैताचं, लग्न नुमैर टोळीत झालं. त्या वर्षी तदमूरला खजूर इतका लागला होता, की उंटांनाही त्याचा वीट आला. नुमैरची साठेक घरं तेव्हा आमच्या आसऱ्याला येऊन चार वर्षं झाली होती. त्यांच्या मुलखात पाऊस पडला नाही, जनावरं मेली, म्हणून ते आमच्या झऱ्यावर आले. माझे वडील अस्बग हे तदमूरच्या कल्ब लोकांचे शेख. त्यांनी रिवाजाप्रमाणे आग पेटवली, मूठभर मीठ आगीत टाकलं आणि ते तडतडत असताना म्हणाले, "माझ्या जमिनीवर तुमच्या अंगाला जो हात लावेल, त्याने मला हात लावला." आमचे आजोबा गळ्यात क्रूस घालत, वडील पाच वेळा नमाज पढत, पण शपथ घ्यायची तर दोघांनाही आग आणि मीठच लागे.

रैताचा नवरा कुर्रा मिठागरातून मीठ उचलून हिम्सच्या बाजाराला न्यायचा. पुढचा एक दात तुटलेला, त्यामुळे हसला की आधी ती फट दिसायची. पहिल्यांदा आमच्या परातीला बसला तेव्हा म्हणाला, "आमच्या टोळीचं नाव बिबट्यावरून, तुमचं कुत्र्यावरून. पण खरं सांगू का, जेवण कुत्र्यांकडचंच चांगलं." सगळ्यांनी वडिलांकडे पाहिलं. मग वडीलच हसले आणि त्यांनी आपल्या हाताने मेंढीच्या शेपटीची चरबी त्याच्यापुढे सारली. पुढच्या वर्षी त्यांनी त्याला मुलगी दिली.

माझं त्याच्याशी चांगलं जमायचं. वाळूतल्या पावलांवरून सांडणी गाभण आहे की नाही हे ओळखायला मला त्यानेच शिकवलं. मी चुकलो की म्हणायचा, "मेहुणे, तुम्ही शेखाचे चिरंजीव. तुम्ही कशाला उंट ओळखता? उंटच तुम्हाला ओळखतील."

रैता कमी बोलणारी. पण एकदा ऐकलेलं ती शब्दाला शब्द परत सांगायची. लहानपणापासून वडील तिलाच निरोपाला धाडत. "सुमैरला पाठवलं तर निरोप पोचतो, रैताला पाठवलं तर मी स्वतः पोचतो," असं ते चारचौघांत म्हणत. सुमैर म्हणजे मी. मी तिथेच बसलेलो असायचो.

मग दमिश्कच्या गादीचा घोळ झाला. खलिफा मेला, मागोमाग त्याचा मुलगाही मेला, आणि आता कोण बसणार यावरून दमिश्कबाहेरच्या कुरणात लढाई जुंपली. आम्ही कल्ब एका बाजूला, कैसच्या टोळ्या दुसऱ्या बाजूला. आम्ही जिंकलो. नवा खलिफा आमच्या भाल्यांच्या जोरावर बसला, हे दमिश्कमधली शेंबडी पोरंही जाणत होती. त्या उन्हाळ्यात आमच्यातला फाटका माणूससुद्धा छाती काढून चालायचा. पण हरलेले कैस उत्तरेला फुरात नदीपलीकडे गेले आणि तिथून आमच्यावर धाडी घालायला लागले. खलिफापर्यंत त्यांचा हात पोचत नव्हता. आमच्या पाणवठ्यांपर्यंत पोचत होता.

आणि नुमैर वंशाने कैसच. इतकी वर्षं ते कुणाच्या मनातही आलं नव्हतं. आता झऱ्यावर बायका एकमेकींना पाणी भरायला जागा देईनाशा झाल्या.

माझा थोरला भाऊ अदी जनावरं घेऊन दक्षिणेच्या वाळवंटात गेला होता. कैसच्या स्वारांनी त्याला आणि त्याच्या बरोबरच्या अकरा जणांना विहिरीवर गाठलं. मारलं, आणि विहिरीतच टाकलं, म्हणजे माणसंही गेली आणि पाणीही. एका गुराख्याला तेवढं जिवंत सोडलं. त्याचे कान कापले होते. "तोंड ठेवलंय," ते त्याला म्हणाले, "सांगायला लागेल."

कुर्रा सांत्वनाला आला. तीन दिवस आमच्या तंबूत जमिनीवर बसून राहिला. चौथ्या दिवशी वडिलांना म्हणाला, "शेख, आम्हाला जाऊ द्या. आमच्याकडे पाहिलं की आईंना त्रास होतो. उत्तरेला माझा भाऊ जंदल आहे, आम्ही त्याच्याकडे जातो."

"थांब," वडील म्हणाले. "मी सांगेन तेव्हा जा. असा वाऱ्यावर सोडणार नाही तुम्हाला."

तोवर त्यांच्या मनात खरंच काही नव्हतं, असं मला वाटतं.

आईने अन्न सोडलं होतं. एका सकाळी सगळे पुरुष बसले असताना ती आत आली. हातातली टकळी आणि लोकरीचा पुंजका तिने वडिलांच्या मांडीवर ठेवला.

"घ्या," ती म्हणाली. "सूत काढा. तलवार माझ्याकडे द्या."

"घरात जा," वडील म्हणाले.

"अदीला विहिरीत टाकणारे कैस. माझ्या झऱ्याचं पाणी पिणारेही कैस. माझ्या लेकीच्या परातीत जेवणारेही कैस. मी जाते घरात. तुम्हीही या, चुलीपाशी जागा आहे."

 ती गेल्यावरही टकळी बराच वेळ वडिलांच्या मांडीवर तशीच होती.

त्याच दिवशी, ऊन चढायच्या आत, खजुरांच्या बागेत आम्ही सहा जण बसलो. वडील, चार वडीलधारे आणि मी. अदी गेल्यामुळे त्याच्या जागी मला बोलावलं होतं. अशा बैठकीला मी पहिल्यांदाच बसत होतो.

"शेख, पोरं ऐकणार नाहीत," एक म्हातारा म्हणाला. "आज नाही तर उद्या कुणीतरी एखाद्या नुमैरवाल्याचा गळा कापेल. तुमचा शब्द मोडणारच आहे."

"माझा शब्द मोडणार नाही," वडील म्हणाले. काठीने त्यांनी मातीत एक रेघ ओढली. "मी काय बोललो होतो? आठवा."

"की त्यांच्या अंगाला जो हात लावेल..."

"त्याच्या आधी."

"माझ्या जमिनीवर," मी म्हणालो.

"उत्तरेला माझी जमीन कुठे संपते?"

ते सगळ्यांना माहीत होतं. अर्ध्या दिवसाच्या वाटेवर रूमी लोकांनी कधीकाळी रोवलेला मैलाचा दगड आहे, त्यावर त्यांची अक्षरं आहेत. तिथवर कल्बची कुरणं. पुढे चार दिवसांचं रान, नदीपर्यंत, कुणाचंच नाही.

"मी त्यांना दगडापर्यंत पोचवीन," वडील म्हणाले. "स्वतः."

 मग तो म्हातारा नाकातून हसला. मला वडिलांच्या हुशारीचा अभिमान वाटला. खोटं कशाला सांगू.

तंबूत परतल्यावर रैताला बोलावलं. ती कमरेला ओले हात पुसत आली. वडिलांनी निरोप सांगितला, आणि तिने तो ओठ हलवत मनात घेतला: "नुमैरच्या म्होरक्याला, शुरैहला सांग, परवा सकाळी निघा. माझ्या जमिनीवर, रूमी दगडापर्यंत, माझा शब्द तुमच्या सोबत आहे, आणि मी स्वतः येईन. आमची पोरं चिडलेली आहेत, त्यांना बिथरायला निमित्त नको. म्हणून तलवारी-भाले ओझ्यांत बांधा, कुणाच्या कमरेला काही दिसू देऊ नका." मग जरा थांबून ते म्हणाले, "तू मात्र मागे राहा. तुझ्या हातचं तरी आईच्या घशाखाली उतरेल. आठ दिवसांनी सुमैर तुला नेऊन सोडेल."

मी तंबूबाहेर पखालीला तूप चोळत बसलो होतो. रैता माझ्यापाशी येऊन उभी राहिली.

"दादा, दगडाच्या पुढे काय?"

"पुढे म्हणजे?"

"बाबांचा शब्द दगडापर्यंत. पुढे नदी चार दिवसांवर. हत्यारं बांधलेली."

मी पखाल उलटी केली. दुसऱ्या बाजूला अजून तूप लागलं नव्हतं.

"पुढे आपले स्वार असतील," मी म्हणालो. "नदीपर्यंत."

"तू असशील?"

"मीही असेन."

तिचा चेहरा सैल झाला. "मग हेही सांगते," असं म्हणून ती गेली. आणि तिने सांगितलं. शब्दाला शब्द.

आम्ही चाळीस जण आदल्या दिवशीच पुढे गेलो. त्यामुळे नुमैरवाले निघाले तेव्हाचं मी पाहिलेलं नाही. नंतर जे कानावर आलं ते असं, की रैताची मुलगी उमैमा पाच वर्षांची होती आणि तिने बापाबरोबर जायचा हट्ट धरला. रैता म्हणाली, राहू दे तिला माझ्यापाशी. कुर्रा म्हणाला, आठ दिवसांचा तर प्रश्न आहे, तुझ्या आधी ती काकाचं घर बघून ठेवेल. त्याने मुलीला सांडणीवर आपल्या पुढ्यात घेतलं. वडिलांनी नातीला पाहिलं. तिच्या पायाला हात लावला, तिची चप्पल नीट केली. बोलले काही नाहीत. बोलले असते तर शुरैहच्या लक्षात आलं असतं.

दुपारच्या सुमाराला तांडा दगडापाशी आला. आम्ही एका टेकाडाआड होतो. वडील घोड्यावरून उतरले, म्हाताऱ्या शुरैहला मिठी मारली, "अल्लाच्या हवाली," म्हणाले आणि परत फिरले. आमच्या जवळून जाताना त्यांनी घोडा हळू केला.

"बायकामुलांना हात लावायचा नाही," ते घोड्याच्या मानेकडे बघत म्हणाले, आणि गेले.

तांडा दगडाच्या पुढे हाकेभर अंतरावर जाईपर्यंत आम्ही थांबलो. मग निघालो.

फार वेळ लागला नाही. त्यांच्या तलवारी पोत्यांच्या तळाशी होत्या. माणसं दोऱ्यांच्या गाठी दातांनी ओढत होती आणि तशीच मरत होती. शुरैह उंटावरून खाली पडला, पण जिवंत होता, आणि वडिलांचं नाव घेऊन शपथेची आठवण देत होता. आमच्यातल्या एकाने त्याची दाढी धरून मान मागे वळवली. "तो बघ दगड," तो म्हणाला. "दिसला? शपथ तिथेच राहिली." काही जण हसले. मग त्याने गळा कापला.

मी मनाशी ठरवलं होतं, की कुर्रा दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला येऊ दे. पण त्याने मला लांबूनच ओळखलं. माझ्या घोड्याची चाल त्याला ठाऊक होती. त्याने सांडणी सरळ माझ्याकडे वळवली. त्याला रैताने सांगितलंच होतं, की मी पुढे सोबतीला असेन.

"मेहुणे," तो धापा टाकत म्हणाला, "हे कोण आहेत कळत नाही. मुलीला घे आधी." आणि त्याने उमैमाला दोन्ही हातांनी उचलून माझ्याकडे दिलं.

मी तिला डाव्या हाताने घेतलं. उजव्या हातात भाला होता.

परत येताना ती माझ्याच पुढ्यात बसली होती. रडणं केव्हा थांबलं मला कळलं नाही. बाकीच्या बायका मागून चालत होत्या. त्यांच्या मागे आमची पोरं, त्यांच्याच उंटांवर बसून. संध्याकाळी तदमूरला पोचलो तेव्हा रैता झऱ्यापाशी उभी होती. मी मुलीला खाली उतरवलं.

"बाबा कुठेत?" रैताने विचारलं. मला नाही, मुलीला.

"मामाने पाडले," मुलगी म्हणाली.

रैताने तिच्या बाह्या वर केल्या, मान वळवून पाहिली, केसांत बोटं घातली. अंगावरचं रक्त तिचं नाही अशी खात्री झाल्यावर तिला कडेवर घेतलं आणि कुर्राच्या घराकडे गेली. माझ्याकडे बघितलंही नाही.

त्या संध्याकाळी आई जेवली.

नुमैरच्या विधवांनी रैताला आपल्यात घेतलं नाही. त्यांच्या दृष्टीने गोष्ट सरळ होती. निरोप कुणी आणला? हिने. हत्यारं बांधा कुणी म्हटलं? हिने. मागे कोण राहिलं? हीच. शुरैहच्या बायकोने तिच्या दारात मेलेलं कुत्रं आणून टाकलं. रैताने ते ओढत नेऊन पुरलं. आमच्या बायकाही तिच्याशी बोलत नव्हत्या, कारण ती आमच्या विजयात हसत नव्हती.

अडीच महिन्यांनी दमिश्कहून एक माणूस चौकशीला आला. खलिफाला इराकवर चाल करायची होती. त्यासाठी आमचे घोडेस्वार हवे होते, आणि जमलं तर कैसही परत पदरात हवे होते. म्हणून हे प्रकरण मिटवायचं होतं. माणूस जाडा, दम्याने बेजार. जुन्या देवळाच्या खांबांच्या सावलीत बसला आणि पहिल्यांदा दही मागितलं. कुर्राचा भाऊ जंदल उत्तरेहून अभयपत्र घेऊन आला होता. कुर्रासारखाच उंच, पण हसत नसे.

"शब्द देऊन मारलं का?" एवढाच प्रश्न होता. शब्द मोडला असेल तर शेखाला जंदलच्या हवाली करावं लागणार होतं. नसेल तर नेहमीची रक्ताची भरपाई, इतके उंट आणि मामला संपला.

"मी दगडापर्यंत शब्द दिला," वडील म्हणाले. "दगडापर्यंत पाळला. विचारा कुणालाही."

शुरैहची बायको उठली. "हिने आम्हाला सांगितलं, की पुढे नदीपर्यंत कल्बचे स्वार सोबत असतील. शेखाचा मुलगा असेल. म्हणून आमची माणसं तशीच निघाली. नाहीतर दगड ओलांडताच तलवारी काढल्या असत्या त्यांनी."

सगळ्यांनी रैताकडे पाहिलं. ती पुढे आली. वडिलांचा निरोप तिने जसाच्या तसा म्हटला, मध्ये ते जिथे थांबले होते तिथे थांबून. मग म्हणाली, "हे बाबांचं. पुढचं मी दादाला विचारलं. मी म्हटलं, दगडाच्या पुढे काय. तो म्हणाला, पुढे म्हणजे. मी म्हटलं, बाबांचा शब्द दगडापर्यंत, पुढे नदी चार दिवसांवर, हत्यारं बांधलेली. तो म्हणाला, पुढे आपले स्वार असतील, नदीपर्यंत. मी म्हटलं, तू असशील? तो म्हणाला, मीही असेन."

दमिश्कच्या माणसाने मला बोलावलं. अल्लाची शपथ घ्यायला लावली. मी शेखाचा मुलगा. शेखाच्या मुलाने सांगितलेलं म्हणजे शेखानेच सांगितलेलं, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. वडील जमिनीकडे बघत होते. आई माझ्याकडे बघत होती.

"तिने मला काही विचारलं नाही," मी म्हणालो. "मी पखालीला तूप चोळत होतो. ती बाहेर आली आणि गेली."

पखालीचं मी का सांगितलं कोण जाणे. खोट्याला खऱ्याचं काहीतरी चिकटवावंसं वाटलं असेल.

रैता म्हणाली, "मी शब्दाला शब्द सांगितलं." ते तिने कुणाला उद्देशून म्हटलं कळलं नाही. वडिलांनी मान वर केली नाही. आयुष्यभर तिच्या निरोपांची बढाई मारलेला माणूस, पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून एक अक्षर निघालं नाही.

दमिश्कच्या माणसाने दह्याचा वाडगा खाली ठेवला. "बाईमाणूस," तो म्हणाला. "नवऱ्याकडच्यांना धीर द्यायला दोन शब्द पदरचे घातले असतील. किंवा बापाच्या भल्यासाठी घातले असतील. ते तिचं तिला. त्यापायी कल्बच्या शेखाला धरता येणार नाही."

भरपाई ठरली. जंदलने ती घेतली, कारण न घेऊन तो काय करणार होता? मग त्याने टोळीच्या विधवा आणि मुलं मागितली. मुलं बापाच्या टोळीची, हा कायदाच आहे. त्यात उमैमाही आली. तिला शुरैहच्या बायकोने उचललं तेव्हा ती आईच्या ओढणीला धरून होती. बोटं एकेक करून सोडवावी लागली.

दुसऱ्या दिवशी तांडा निघाला, तर रैता एक गाठोडं घेऊन त्यांच्या मागे पन्नास पावलांवर चालत होती.

वडील घोड्यावरून तिच्या आडवे गेले. "पोरी, वेड लागलंय का? तिकडे तुला प्यायला पाणी कुणी देणार नाही."

"इथे देतात," ती म्हणाली. "पाहिलं मी."

"मुलीसाठी जातेस? मुलगी तुझी राहू देणार नाहीत ते."

"सरा बाबा. ते पुढे जातायत."

ते सरले.

त्यानंतरची वर्षं आमची भरभराटीची. आम्ही इराकच्या लढाईत होतो. मला तिथे बरगडीवर जखम झाली आणि दमिश्कहून एक रेशमी अंगरखा आला. कैसशीही पुढे तह झाला. खलिफाच्या दरबारात आमची आणि त्यांची माणसं एकाच गालिच्यावर बसायला लागली. वडिलांकडे लांबून लोक तंटे सोडवून घ्यायला येत. दिलेल्या शब्दाबाहेर एक पाऊल न टाकणारा माणूस, अशी त्यांची ख्याती झाली. चौदा वर्षांनी ते गेले. झोपेत, आपल्या अंथरुणावर.

आईने मला उत्तरेला धाडलं. "तिला कळायला हवं," म्हणाली. आईला तेव्हा डोळ्यांनी दिसत नव्हतं.

बलीख नदीकाठी जंदलची वस्ती सापडली. तह झालेला असल्यामुळे मला कुणी अडवलं नाही. वस्तीबाहेर, उकिरड्याच्या पलीकडे, एक फाटकी राहुटी होती. एक बाई नदीवरून पाण्याच्या दोन पखाली पाठीवर घेऊन चढण चढत होती. पट्टा कपाळाला लावलेला, त्यामुळे मान खाली. ती जवळ येईपर्यंत मी तिला ओळखलं नाही. केस पांढरे झाले होते, आणि ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान.

तिने पखाली उतरवल्या नाहीत. वाकूनच मला पाहिलं.

"बाबा गेले," मी म्हणालो.

"त्रास झाला?"

"नाही. झोपेत गेले."

"हं," ती म्हणाली. मग म्हणाली, "आई?"

"आहे. दिसत नाही तिला."

तेवढ्यात वस्तीतून एक तरुण मुलगी आली. उंच, हातात मेंदी, नवं कापड. हसली तेव्हा कुर्राची आठवण व्हावी असं तोंड. माझ्याकडे तिने एका वाटसरूकडे बघावं तसं बघितलं. "ए कल्बी," ती रैताला म्हणाली, "उभी काय राहिलीस? चुलीवर हंडे रिकामे आहेत. पाहुणे यायला लागले." आणि गेली.

"लग्न आहे तिचं," रैता म्हणाली. "परवा." आणि पाणी घेऊन तिच्या मागे चालायला लागली.

मी जंदलच्या तंबूत गेलो. त्याने मला ओळखलं, बसायला सांगितलं, दूध दिलं. मी तोंडही लावलं नाही. म्हणालो, "मी खोटी शपथ घेतली होती. रैताने मला विचारलं होतं. मीच तिला सांगितलं, की पुढे आमचे स्वार असतील. ती एक अक्षर पदरचं बोलली नव्हती."

जंदल शांतपणे ऐकत होता. दाढीत पांढरं आलं होतं.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"केव्हापासून?"

"तिथेच कळलं. तू पखालीचं बोललास तेव्हा. काही विचारलं नाही एवढं म्हणायला माणसाला पखाल लागत नाही."

"मग चौदा वर्षं तिला हे असं..."

"माझा भाऊ मेला. पन्नासाहून जास्त माणसं मेली. उंट घेऊन गप्प बस म्हणाले. बायकांना कुणीतरी हवं होतं. मलाही." त्याने दुधाचा वाडगा माझ्याकडे थोडा सारला. "तू हाताशी नव्हतास. ती होती."

"निदान मुलीला तरी सांग. तिने तर डोळ्यांनी पाहिलं होतं."

"पाच वर्षांची होती. आम्ही सांगितलं तसं तिला आठवतं. परवा तिचं लग्न आहे. तिला रडवून काय मिळणार? आणि सांगायचंच तर तू सांग. बाहेरच आहे. हाक मारू?"

 बाहेर बायका गात होत्या. जंदल थोडा वेळ थांबला, मग त्याने स्वतःच विषय बदलला. नदीला यंदा पाणी कमी आहे म्हणाला. मी दूध प्यायलो.

निघताना मी माझ्याबरोबर आणलेली दुभती सांडणी रैताच्या राहुटीपाशी बांधली. ती तिथे नव्हती. टेकडीवरून वळून पाहिलं तर सांडणी सोडलेली होती आणि माझ्या मागे मागे येत होती.

घरी पोचलो तेव्हा आई दारातच बसली होती. पावलांवरून तिने मला ओळखलं.

"कशी आहे ती?"

"बरी आहे," मी म्हणालो. "मुलीचं लग्न झालं. तिनेच सगळं केलं."

"केलं असेल," आई म्हणाली. "हात चांगला होता तिचा." मग तिने विचारलं, की सांडणी परत का आणलीस, आणि मी म्हणालो, त्यांच्याकडे पुष्कळ आहेत.